ओला देठ

गावाबाहेरच्या पथारीवर मिरची वाळत होती
आणि मी पत्र्याच्या खोलीत
मोबाइलवर स्पॅनिश शिकत होते.
शेठ म्हणाले होते, माल वालेन्सियाला जायचाय,
तुम्ही बी.ए. झालेल्या, कोकिळाताई,
गोण्यांवरचं तेवढं बघून घ्या.
बी.ए. मराठी. तेही पंचवीस वर्षांपूर्वी, नंदुरबारच्याच कॉलेजात.

पहिला धडा: नाम आधी, विशेषण मागून.
मिरची सुकी. मिरची लाल.
आपल्याकडे माणूस दारात यायच्या आत
त्याचं वर्णन येऊन बसलेलं असतं.
तिकडे आधी माणूस.
बरं वाटलं.

दुसरा धडा: मिरची तिकडेही बाई.
गिन्दिया. तिच्या मागच्याला शेवटी आ,
पुरुषाच्या मागच्याला ओ.
यात नवीन काय? सुका, सुकी, सुकं,
पाटीवर न गिरवताच येतं आपल्याला.
नवीन एवढंच, की
आपला लाल कुणापुढे वाकत नाही,
लाल फेटा, लाल मिरची, लाल कुंकू,
आणि तिकडचा वाकतो: रोखो, रोखा.
उलट हिरवा, जो इथे हिरवी होतो, हिरवं होतो,
तो तिकडे वेर्दे म्हणजे वेर्देच.
तिखट मात्र दोन्हीकडे ताठ.
पिकान्ते. त्याला बाई-पुरुष सारखेच.
रोखातला ख घशातून खरवडून काढायचा असतो;
मला सोपा गेला.
पथारीवर सगळ्यांनाच येतो तो ख.

तरी चुकलेच.
मी कागदावर लिहून दिलं तसं
पोरांनी दोनशे गोण्यांवर मारलं,
आणि अंधार पडल्यावर वही उघडली तर
गिन्दिया सेको.
मिरची सुका.
ट्रक पहाटे चारला.

रेलूबाई थांबली. मग जेमली, सुपडाबाई, आणखी चौघी.
एकच बल्ब, त्याची वायर ओढत ओढत
गोणीगणिक वाटोळ्या ओला
उजव्या अंगाला एक काडी. झाला आ.
'हाई काय वं ताई,' रेलू म्हणाली,
'दिनभर देठ तोडा, रातले देठ लावा.'
रंग बोटाला लागत होता.
ओला देठ, मी म्हणाले
आणि एकटीच हसले.

'मिरची बाई शे, तिना मांगे आ लागना.
मंग आम्हना मांगे काय लागी?'
मी म्हणाले, तुम्ही दमलेल्या: कान्सादास.
बाईचा आ, आणि पुष्कळ जणी म्हणून स.
तिनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला,
जेमलीला म्हणायला लावला.

तेवढ्यात किटली घेऊन भटू आला,
वॉचमनचा, मिसरूडही न फुटलेला.
वहीत लिहिलं होतं:
बायका कितीही असोत,
एक पोरगा आला की सगळ्या कान्सादोस.
मी धरून आठजणी होतो आम्ही.
मी वही मिटली.

मराठीत अशा वेळी मागचं एक दार उघडं असतं.
बाया-माणसं मिसळली की नपुंसकात शिरायचं.
ती सगळी दमली होती,
ती सगळी गोण्यांना टेकून चहा पीत होती,
भटूसकट.

हात तेवढा राहिला सांगायचा.
मराठीत बाईचाही हात पुरुषच.
स्पॅनिशमध्ये तो बाई: मानो.
शेवटी ओ आहे, फसायला होतं,
पण मागचं विशेषण फसत नाही: मानो रोखा.
अपवाद पाठ करा, असं वहीत आहे.
मला करावा लागला नाही.
ताकाच्या घमेल्यात आळीपाळीनं बुडत होते
चौदा हात.

सकाळी वहीतल्या खुणा मोजल्या: एकशे नव्याण्णव.
एक गोणी कोपऱ्यात राहिली होती, तशीच चढली.
शेठना काही बोलले नाही.
वालेन्सियात कुणाच्या तरी वाट्याला
सुका मिरची येईल.
तिखट तितकीच लागेल.